दिल्ली-दर्शन

भारताच्या राजधानीच्या शहराचा प्रवासी व अभ्यासक यांच्या दृष्टीने घेतलेला परामर्श. दिल्ली हे शहर उत्तर भारतात, सु. २८° ३७' उ. अक्षांश व ७७° १३' पू. रेखांश यांवर, यमुना नदीच्या काठी वसलेले आहे. दिल्ली राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचे क्षेत्रफळ १,४८३ चौ. किमी. व लोकसंख्या १,६७,८७,९४१ (२०११) आहे. आशियातील इतर मोठ्या राजधान्यांप्रमाणे येथेही जुन्या व नव्या जीवनपद्धती एकत्र नांदतात. तथापि बँकॉक १७८२ पासून राजधानी आहे व तोक्योस तो दर्जा १८६८ नंतर मिळाला. दिल्ली मात्र सु. एक हजार वर्षांत अनेकदा राजधानी झाली आणि अनेकदा तिने तो मान गमावला. त्यामुळे जुनी दिल्ली म्हणजे परंपरा व नवी दिल्ली म्हणजे आधुनिकता, ही प्रचलित विभागणी येथे फारशी उपयोगी पडत नाही. प्रत्येक राजवटीने पूर्वीच्या वस्तीशेजारी नवी वस्ती उभारली, जुन्या वास्तूंचे दगड व पुष्कळदा त्यांची प्रतिष्ठाही उचलली. पुढील काळात ज्या वास्तू कोणत्या ना कोणत्या कारणाने वापरात राहिल्या, त्या बहुधा टिकल्या; ज्यांचा वापर संपला, त्यांपैकी अनेक नाहीशा झाल्या. हे सूत्र ध्यानात ठेवल्यास विखुरलेल्या स्थळांचा परस्परसंबंध उलगडतो. महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यातून, येणाऱ्या प्रवाशास तर या शहरात स्वतःच्या प्रदेशाच्या इतिहासाशी निगडित अशी अनेक स्थळे आढळतात.

प्रवास व हवामान : यवतमाळ हे जिल्ह्याचे ठिकाण दीर्घकाळ मोठ्या लोहमार्गापासून दूर राहिले. ब्रिटिश अंमलात खाजगी कंपनीने बांधलेली, ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झालेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किमी. लांबीची अरुंदमापी गाडी हाच येथील रेल्वेचा आधार होता. तीही २०१० नंतरच्या दशकात बंद पडली. जिल्ह्यातील प्रवासी सामान्यतः सडकेने धामणगाव, वर्धा किंवा नागपूर येथे जाऊन दिल्लीची गाडी धरतात. वणी हे गाव मात्र माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नियोजित रुंदमापी मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. नागपूर ते नवी दिल्ली हे रेल्वेचे अंतर सु. १,१०० किमी. असून गाडी इटारसी, भोपाळ, झांशी, आग्रा या मार्गाने जाते.

दिल्लीचे हवामान विषम आहे. मे-जूनमध्ये तापमान ४५° से.पर्यंत चढते; डिसेंबर-जानेवारीत कडक थंडी व दाट धुके असते आणि गाड्या व विमाने यांना विलंब होतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून हवेचे प्रदूषण तीव्र होते. त्यामुळे पाहणीसाठी फेब्रुवारी व मार्च हे महिने सर्वांत सोयीचे ठरतात. राष्ट्रपती भवनाचे उद्यानही सामान्यतः याच सुमारास जनतेस खुले असते. लाल किल्ला व राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात.

प्राचीन अवशेष : महाभारतातील इंद्रप्रस्थ येथेच होते, अशी परंपरा आहे. पुराना किल्ल्याच्या परिसरात १९५४-५५ मध्ये व पुढे वेळोवेळी झालेल्या उत्खननांत मौर्य काळापासून मोगल काळापर्यंतच्या वस्तीचे थर मिळाले. चित्रित करड्या मृत्पात्रांचे तुकडेही सापडले. दक्षिण दिल्लीतील श्रीनिवासपुरीनजीक खडकावर कोरलेला अशोकाचा लघुशिलालेख १९६६ मध्ये उजेडात आला. दिल्लीतील दोन अशोकस्तंभ मात्र मूळचे येथील नव्हेत. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात ते अनुक्रमे टोपरा व मीरत येथून आणविले. त्यांवरील ब्राह्मी लेख त्या काळी कोणासही वाचता येत नव्हता. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये त्या लिपीचा उलगडा केला. मेहरौली येथील सु. ७·२ मी. उंचीच्या लोहस्तंभावर ‘चंद्र’ नावाच्या राजाचा संस्कृत लेख असून हा राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त होय, असे बहुतेक विद्वान मानतात. दीड सहस्रकाहून अधिक काळ उघड्यावर राहूनही तो फारसा गंजलेला नाही. लोखंडातील फॉस्फरसाच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर तयार झालेला संरक्षक थर हे त्याचे कारण आहे, असे धातुविज्ञानाने दाखविले आहे.

मध्ययुगीन नगरे : दिल्लीत सात शहरे होऊन गेली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही शहरे प्रथम नैर्ऋत्येकडील खडकाळ टेकड्यांवर व नंतर हळूहळू नदीच्या दिशेने उत्तरेकडे सरकली. तोमर राजा अनंगपाल याने अकराव्या शतकात लालकोट बांधला. तराईच्या दुसऱ्या लढाईनंतर (११९२) येथे तुर्की सत्ता स्थापन झाली व कुतुबुद्दीन ऐबकाने कुतुबमीनाराचे काम सुरू केले. ते इल्तुत्मिशने पुढे नेले. ७२·५ मी. उंचीचा हा मनोरा, शेजारची कुव्वतुल-इस्लाम मशीद व तिच्यासाठी वापरलेले जैन-हिंदू मंदिरांचे कोरीव स्तंभ यांवरून पूर्वीच्या वास्तूंचे साहित्य नव्या वास्तूत वापरण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहावयास मिळते. १९८१ मधील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेपासून मनोऱ्याच्या आत प्रवेश दिला जात नाही.

अलाउद्दीन खल्जीचे सीरी, घियासुद्दीन तुघलकाचे तुघलकाबाद, मुहम्मद तुघलकाचे जहाँपनाह व फिरोजशाहाचे फिरोजाबाद ही त्यानंतरची नगरे होत. यांपैकी दोन राज्यकर्त्यांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला. अलाउद्दीनाने सत्तेवर येण्यापूर्वी, १२९६ मध्ये, देवगिरीच्या यादवांवर स्वारी करून मिळविलेल्या अमाप लुटीच्या बळावर दिल्लीचे तख्त हस्तगत केले. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानीच देवगिरीस नेली व त्या नगरास दौलताबाद हे नाव दिले. हा प्रयोग फसला; तथापि त्यामुळे दख्खनमध्ये उत्तरेकडील अधिकारी, सैनिक व सूफी साधू यांची वस्ती झाली.

तुघलकाबादची प्रचंड तटबंदी आज जवळजवळ ओसाड आहे. याउलट त्याच काळातील हजरत निजामुद्दीन अवलिया (मृ. १३२५) यांच्या दर्ग्याभोवतीची वस्ती सातशे वर्षे अखंड नांदती आहे. त्यांचा शिष्य कवी अमीर खुसरौ याची कबर तेथेच असून गुरुवारी सायंकाळी कव्वाली होते. दर्ग्यालगतच्या पायऱ्यांच्या विहिरीचा काही भाग २००८ मध्ये ढासळल्यावर तिचा जीर्णोद्धार करण्यात आला. नजीकची हुमायूनची कबर ही सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वास्तू पुढील मोगल वास्तुशिल्पास, विशेषतः ताजमहालास, मार्गदर्शक ठरली. कुतुबमीनार परिसर व हुमायूनची कबर यांचा समावेश १९९३ मध्ये, तर लाल किल्ल्याचा २००७ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

शाहजहानाबाद : आज ज्यास जुनी दिल्ली म्हणतात, ते शहर वस्तुतः दिल्लीच्या इतिहासात बऱ्याच उशिराचे आहे. शाहजहानने आग्र्याहून राजधानी हलवून १६३८ ते १६४८ या काळात ते वसविले. लाल किल्ला, जामा मशीद व चाँदनी चौक हे त्याचे प्रमुख घटक होत. चाँदनी चौकाची आखणी शाहजादी जहाँआरा हिने केली. त्याच्या मधून पाण्याचा कालवा वाहत असे. पुढे तो बुजविण्यात आला. या एकाच रस्त्यावर दिगंबर जैन लाल मंदिर, गौरीशंकर मंदिर, सीसगंज गुरुद्वारा, सुनहरी मशीद व फतेहपुरी मशीद ही प्रार्थनास्थळे आहेत. खारी बावली हा मसाल्यांचा व सुक्या मेव्याचा घाऊक बाजार याच रस्त्याच्या पश्चिम टोकास आहे. चावडी बाजार या नावातील ‘चावडी’ हा शब्द मराठीशी जोडला जातो. या बाजाराखाली सु. २५ मी. खोलीवर मेट्रो रेल्वेचे स्थानक असून त्यातून वर येणारा प्रवासी सरत्या जिन्यावरून थेट कागद व तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांच्या गर्दीत येतो. २०२१ मध्ये चाँदनी चौकाचा मुख्य भाग दिवसा मोटारींना बंद करून पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला.

मराठे व दिल्ली : मराठ्यांच्या दिल्लीतील हालचालींना १७१९ पासून प्रारंभ झाला. त्या वर्षी बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंबरोबर दिल्लीस गेला व चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणि महाराणी येसूबाईंची सुटका घेऊन परतला. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने दिल्लीच्या परिसरात अकस्मात धडक मारली. तालकटोऱ्याच्या आसपास त्याची मोगल सैन्याशी चकमक झाली. १७५७ मध्ये रघुनाथरावाने दिल्ली घेतली. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊने ती पुन्हा जिंकली व सैन्याच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून वितळविले. या दालनाचे उघडे छत पाहताना पानिपतच्या मोहिमेतील पैशाची चणचण प्रत्ययास येते. गौरीशंकर मंदिर आप्पा गंगाधर या मराठा सरदाराने बांधल्याचे सांगितले जाते.

पानिपतनंतर दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्याने दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत बादशाह दुसरा शाह आलम याने मराठ्यांच्या संरक्षणाखाली शहरात प्रवेश केला. १७८४ मध्ये महादजीने पेशव्याच्या नावे वकील-इ-मुत्लक हे पद मिळविले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशाहाचे डोळे काढले, तेव्हा मराठ्यांनीच शहर परत मिळवून त्यास पुन्हा गादीवर बसविले. १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा प्रभाव राहिला.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्व तीरावर पटपडगंजजवळ जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. या युद्धाची अखेर वऱ्हाडात झाली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगाव येथे नागपूरकर भोसल्यांनी व ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी इंग्रजांशी तह केले. दुसऱ्या तहाने शिंद्यांचा दिल्ली व गंगा-यमुना दुआबावरील हक्क संपला. पहिल्याने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा हक्क सोडला व तो प्रदेश निजामाकडे गेला. वर्धा ही आजच्या यवतमाळ जिल्ह्याची पूर्व सीमा आहे. म्हणजे दिल्लीवरील शिंद्यांचा हक्क तहाने संपला, त्याच महिन्यात या जिल्ह्याचा बराचसा प्रदेशही नागपूरकरांच्या सत्तेपासून तुटला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे बनलेल्या वूण जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये यवतमाळ असे बदलण्यात आले.

नवी दिल्ली : १८५७ च्या उठावानंतर अखेरचा मोगल बादशाह बहादुरशाह जफर यास रंगूनला पाठविण्यात आले; लाल किल्ल्यातील अनेक इमारती पाडून तेथे सैनिकी बराकी उभारण्यात आल्या. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. एडविन लट्यन्स व हर्बर्ट बेकर या वास्तुशिल्पज्ञांनी रायसीना टेकडीवर व तिच्या पूर्वेस नवे नगर आखले. त्याचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. व्हाइसरॉयच्या प्रासादाचे राष्ट्रपती भवन झाले. ‘किंग्जवे’ हा रस्ता प्रथम राजपथ व २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणून ओळखला जातो. नव्या नगराच्या आखणीतही जुन्या वास्तूंची दखल घ्यावी लागली: मुख्य रस्त्याचे पूर्व टोक पुराना किल्ल्याच्या दिशेने आहे, आणि सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास बांधलेली जंतरमंतर ही वेधशाळा व्यापारी पेठेच्या बाजूलाच राहिली. ही वेधशाळा आता वेध घेण्यासाठी वापरली जात नाही. १९९० नंतरच्या काळात तिच्या लगतचा रस्ता देशभरातून येणाऱ्या निदर्शकांचे ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आला.

वर्तुळाकार जुने संसद भवन १८ जानेवारी १९२७ रोजी सुरू झाले. याच वास्तूत संविधान सभेचे कामकाज झाले. २८ मे २०२३ रोजी शेजारील नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले व जुन्या वास्तूस संविधान सदन हे नाव मिळाले.

१९४७ च्या फाळणीने शहराचे स्वरूप पालटले. पश्चिम पंजाब व सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी पुराना किल्ला व हुमायूनच्या कबरीचा परिसर येथे छावण्या उघडाव्या लागल्या. दिल्लीची लोकसंख्या १९४१ मधील सु. ९·१८ लाखांवरून १९५१ मध्ये सु. १७·४४ लाखांवर गेली. पटेल नगर, राजेंद्र नगर, लजपत नगर इ. वसाहती या काळातील होत. आज ज्यास दिल्लीची पंजाबी वळणाची राहणी व खाद्यपदार्थ म्हटले जाते, त्यांचा मोठा भाग या स्थलांतरितांबरोबर आला. त्यानंतरच्या वास्तूंत बहाई पंथाचे कमळाच्या आकाराचे उपासनागृह (१९८६) व अक्षरधाम मंदिर (२००५) ही विशेष प्रसिद्ध आहेत. २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेल्या मेट्रो रेल्वेचे जाळे आता ३५० किमी.हून अधिक आहे. तिच्यामुळे विविध काळांतील नगरे एकाच दिवसात पाहणे शक्य झाले आहे.

यवतमाळ जिल्हा व राजधानी : या जिल्ह्याचा दिल्लीतील सर्वांत ठळक प्रतिनिधी म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे (१८८०–१९६८). वणी येथे जन्मलेले व यवतमाळ येथे वकिली करणारे अणे केंद्रीय विधिमंडळात ‘बेरार प्रतिनिधी’ या नात्याने बसत. कायद्याने वऱ्हाडवर निजामाचे सार्वभौमत्व मानलेले असल्याने या जागेस ब्रिटिश हिंदुस्थानातील इतर मतदारसंघांहून निराळे स्थान होते. १८०३ व १८५३ च्या घटनांचा हा दूरवरचा परिणाम होय. १९२८ च्या मोतीलाल नेहरू समितीचे ते सदस्य होते. केंद्रीय विधिमंडळाने १९२७ मध्ये भारतीय वन अधिनियम संमत केला. तीन वर्षांनी, १० जुलै १९३० रोजी, अण्यांनी पुसद येथे राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला व कारावास पत्करला. कायदे जेथे होतात ते सभागृह आणि ते जेथे जाचतात ते रान, या दोन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते श्रीलंकेत (तत्कालीन सिलोन) भारत सरकारचे प्रतिनिधी होते. स्वातंत्र्योत्तर काळात ते बिहारचे राज्यपाल (१९४८–५२) व पुढे नागपूरहून लोकसभेचे सदस्य झाले. लोकमान्य टिळकांवरील त्यांच्या तिलकयशोऽर्णवः या संस्कृत काव्यास मरणोत्तर साहित्य अकादेमी पारितोषिक (१९७३) मिळाले.

कापूस हे यवतमाळ जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक आहे. त्याच्या भावाचा संबंध दिल्लीतील निर्णयांशी आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या व १९८५ पासून कृषी परिव्यय व मूल्य आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या शिफारशींवरून केंद्र सरकार किमान आधारभूत किंमत जाहीर करते. आयात-निर्यातीचे धोरणही तेथेच ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाच्या आयातीवरील शुल्क माफ करण्यात आले व ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. ती नव्या हंगामाच्या खरेदीच्या काळातच लागू राहिल्याने कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या विदर्भात तीव्र प्रतिक्रिया उमटली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जुलै २००६ मध्ये यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. अशा जिल्ह्यातील रहिवाशास कृषी भवन किंवा संसद ही केवळ प्रेक्षणीय वास्तू राहत नाही. २ ऑक्टोबर १९८९ रोजी बोट क्लबच्या मैदानावर भरलेल्या शेतकरी मेळाव्यास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे महाराष्ट्रातील कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले होते. आंदोलक म्हणून राजधानी पाहणाऱ्यांचा हा एक वेगळा प्रवासीवर्ग होय.

इतर महाराष्ट्रीय स्थळे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अखेरचे वास्तव्य २६, अलीपूर रोड येथे होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. या जागी उभारलेल्या राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन एप्रिल २०१८ मध्ये झाले. दीक्षाभूमीमुळे धम्मचळवळीचे केंद्र बनलेल्या विदर्भातील प्रवाशांच्या दृष्टीने या स्मारकास विशेष महत्त्व आहे. संसदेच्या आवारातील त्यांचा पुतळा (१९६७) शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविला. १९४२-४३ मध्ये आंबेडकर व अणे हे दोघेही काही महिने व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात एकाच वेळी होते. अमरावती जिल्ह्यातील पंजाबराव देशमुख यांनी केंद्रीय कृषिमंत्री असताना १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. चिंतामणराव देशमुख हे इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेचे संस्थापक अध्यक्ष होते.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांनी पहाडगंज भागात बृहन्महाराष्ट्र भवन व नूतन मराठी विद्यालय या संस्था चालविल्या. कोपर्निकस मार्गावरील जुने व कस्तुरबा गांधी मार्गावरील नवे (२०१३) अशी दोन महाराष्ट्र सदने आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत दोनदा भरले: १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या, व फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनाचे स्थळ तालकटोरा मैदान हे होते. १७३७ मध्ये बाजीरावाच्या स्वारांची चकमक झाली तो हाच परिसर. यवतमाळ येथेही हे संमेलन १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर व २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली, म्हणजे दोनदाच, भरले.

पाहणीचा क्रम : सहलींच्या गाड्या बहुधा एका दिवसात आठ-दहा स्थळे दाखवितात. त्यामुळे स्थळे दिसतात. मात्र त्यांचा कालक्रम विस्कळित होतो. चार दिवसांची सवड असल्यास पहिल्या दिवशी मेहरौली व तुघलकाबाद, दुसऱ्या दिवशी पुराना किल्ला, हुमायूनची कबर व सायंकाळी निजामुद्दीन, तिसऱ्या दिवशी लाल किल्ला, जामा मशीद व चाँदनी चौक, आणि चौथ्या दिवशी कर्तव्यपथ, राष्ट्रीय संग्रहालय, जंतरमंतर, अलीपूर रोडवरील स्मारक व राजघाट, असा क्रम इतिहासास धरून होतो. राजधानी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली व १९११ नंतर पुन्हा मधल्या भागाकडे वळली, हे त्यावरून प्रत्यक्ष कळते.

समस्या : दिल्लीच्या वाढीचा सर्वांत मोठा भार यमुनेवर पडला आहे. १,३७६ किमी. लांबीच्या या नदीचा वझीराबाद ते ओखला हा सु. २२ किमी.चा टप्पा एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे; परंतु नदीच्या प्रदूषणाचा फार मोठा भाग याच टप्प्यात निर्माण होतो. मोगल काळात लाल किल्ल्याच्या तटाखालून वाहणारी नदी पुढे पूर्वेकडे सरकली व तिच्या सोडलेल्या पात्रात रस्ते झाले. १३ जुलै २०२३ रोजी पाण्याची पातळी २०८·६६ मी. या उच्चांकावर गेली, तेव्हा पूर पुन्हा किल्ल्याच्या भिंतीपर्यंत पोहोचला. हवेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानुसार सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालविण्यात आल्या व काही काळ सुधारणा झाली. पुढे वाहनांची व बांधकामांची वाढ त्या सुधारणेस भारी ठरली.

ऐतिहासिक वास्तूंची स्थितीही चिंतेची आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मौलवी जफर हसन यांनी केलेल्या सूचीत दिल्लीतील १,३०० हून अधिक वास्तूंची नोंद होती. त्यांपैकी आज केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली सु. १७० आहेत. उरलेल्यांपैकी पुष्कळ घरांच्या गर्दीत झाकल्या गेल्या, काही पाडल्या गेल्या. २०१० च्या कायद्याने संरक्षित वास्तूंभोवती १०० मी.पर्यंत नवे बांधकाम निषिद्ध केले. मात्र अशा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांच्या घरांची दुरुस्ती हा त्यातून निर्माण झालेला नवा प्रश्न आहे. वास्तू मोकळी करून कुंपण घालणे हा संरक्षणाचा एक मार्ग; निजामुद्दीन परिसराप्रमाणे स्थानिक वस्तीला शाळा, दवाखाना व रोजगार यांसह जतनाच्या कामात सहभागी करून घेणे हा दुसरा. दुसरा मार्ग संथ आहे. परंतु वापरात राहिलेली वास्तू अधिक टिकते, या दिल्लीच्या दीर्घ अनुभवाशी तो अधिक सुसंगत आहे.